चाकाचा सांधा आणि मालकाचा कान

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करव्यवस्था आणि उधारी-वसुली यांविषयी जाणत्या मंडळींचे लेख दरवर्षी येतात, व ते तसे यावेत हेच योग्य होय. यंदा आम्ही मात्र एका अगदी लहान वस्तूविषयी लिहिण्याचे योजिले आहे. ही वस्तू तळहातावर मावते. तिची किंमत तूरडाळीच्या एका पोत्याएवढीही नसते. आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानापुढे ती रोज येऊन उभी राहते. परंतु तिचे नाव कित्येकांस ठाऊक नसेल, आणि आम्हांसही ते काही वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. मेस्त्री लोक तिला ‘बॉल जॉइंट’ म्हणतात. पिकअप गाडीचे पुढचे चाक ज्या सांध्याच्या आधाराने उभे राहते आणि वळते, तो हा सांधा.

त्याची ओळख आम्हांस पुस्तकातून झाली नाही. ती रस्त्यावर झाली, आणि आमच्याच दोषाने झाली. हा लेख लिहिण्याचा आमचा अधिकार एवढाच.

बेगम बाजारात आणि उस्मानगंजात धान्य-डाळीचा व्यापार करणाऱ्या बंधूंस तांडूरचे नाव सांगावयास नको. हैदराबादच्या पश्चिमेस असलेल्या या गावची तूर पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहे. २०२२ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला. तांडूर त्याच मार्गावर असल्याने एके काळी तिकडचा माल आगगाडीने येई व स्थानकापासून पेढीपर्यंत बैलगाडीने जाई. आज गिरणीच्या दारात भरलेली पिकअप थेट दुकानाच्या पायरीशी येऊन थांबते. शहरात दिवसा अवजड वाहनांस मज्जाव असतो आणि बेगम बाजारच्या गल्ल्या मोठ्या ट्रकसाठी बांधलेल्या नाहीत. त्यामुळे एक-सव्वा टन माल वाहणारी ही लहान गाडी आपल्या धंद्याचा उजवा हात झाली आहे. उजव्या हाताचा सांधा दुखू लागला तर आपण लागलीच वैद्याकडे धावतो. गाडीच्या सांध्याविषयी मात्र आपली वृत्ती निराळी असते.

आमच्याकडे एक जुनी पिकअप होती. तिच्यावर असलेला चालक वीस वर्षांपासून आमच्या पेढीशी बांधलेला, मितभाषी, जुन्या हैदराबादचा. दसऱ्यापूर्वी एका संध्याकाळी गाडीची किल्ली खुंटीस लावताना तो म्हणाला, “सेठ, आगे के चाक में कुछ तो भी आवाज आ रई. एक बार दिखा लेते क्या?” मालाची घाई होती. आम्ही उत्तरलो, “हौ भाई, दीवाली निकल जान दो.” आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा म्हणाला, “टायर अंदर से घिस रा सेठ. नवा डाले तो भी घिसेंगा.” त्यावर आम्ही नवा टायर घेण्यास पैसे दिले आणि आपण औदार्य केले असे मनाशी समजून वहीत डोके घातले. वस्तुतः तो टायर मागत नव्हता. टायर का झिजतो ते पाहा, असे तो सांगत होता.

तिसऱ्या वेळी तो काहीच बोलला नाही. आवाज बंद झाला असेल अशी आम्ही समजूत करून घेतली. आवाज चालूच होता. सांगणे मात्र थांबले होते.

दिवाळीस चार दिवस उरले असता ती गाडी तांडूरहून निघाली. तिच्यात ५० किलोची २५ पोती भरावयाची, तेथे आमच्या सांगण्यावरून ३४ भरली होती. म्हणजे सव्वा टनाऐवजी १७०० किलो. विकाराबादवरून चेवेल्ल्याकडे येणाऱ्या रस्त्यावर मोठमोठ्या वडांची रांग लागते; ते वड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्या रस्त्यावरील एका गावाशी गतिरोधक होता. चालकाने वेग अगदी कमी केला, पुढचे डावे चाक गतिरोधकावरून खाली उतरले, आणि मोठा आवाज होऊन गाडी डाव्या अंगास बसली. चाक मोडलेल्या पायासारखे बाहेर वळले होते. ब्रेकची नळी ताणली जाऊन तुटली. गाडी घसरत जाऊन एका वडाच्या बुंध्याला लागली व थांबली. चालकाचे मनगट मोडले. पाच-सहा पोती दोर तुटून रस्त्याकडेला पडली. ती जेथे पडली तेथून चार हातांवर चहाची टपरी होती आणि टपरीच्या बाकावर दोन शाळकरी मुले बसलेली होती.

मुलांस काही झाले नाही. परंतु हे आमच्या शहाणपणामुळे नव्हे. हीच गाडी जर १५८ किलोमीटरच्या आपल्या बाह्य वर्तुळमार्गावर भरवेगात असती, तर पुढे काय झाले असते याचा विचार करण्याचेही धैर्य आम्हांस होत नाही.

सांधा म्हणजे काय

शाळेतील शरीरशास्त्राच्या पुस्तकात ‘उखळीचा सांधा’ असतो. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या खोलगट खोबणीत बसते, आणि त्यामुळे पाय पुढे-मागे व बाजूलाही फिरू शकतो. बॉल जॉइंट हुबेहूब तसाच असतो. पोलादी दांड्याच्या टोकास गुळगुळीत गोळा असतो; तो एका पोलादी उखळीत बसविलेला असतो; मध्ये ग्रीस असते; आणि धूळ-पाणी आत शिरू नये म्हणून वरून रबराची टोपी असते. तिला मेस्त्री ‘बूट’ म्हणतात. उखळी चाकाच्या आधारभुजेस जोडलेली असते. दांडा निमुळता असून तो चाकाचा भार घेणाऱ्या ओतीव भागाच्या, म्हणजे नकलच्या, छिद्रात घट्ट रुतून बसतो व वरून नटाने आवळला जातो. खड्ड्यात चाक वर-खाली होते आणि वळणावर ते डावी-उजवीकडे फिरते. ह्या दोन्ही हालचाली एकाच वेळी होऊ देणे, आणि तरीही चाकास गाडीपासून सुटू न देणे, हे या गोळ्याचे काम होय.

पूर्वी हे काम निराळ्या रीतीने होत असे. १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्या घेऊन हैदराबाद संस्थानात मोटार वाहतूक सुरू केली. त्या आल्बियन गाड्यांना पुढे एकसंध आस असे, आणि आसाच्या दोन्ही टोकांस उभी जाड खीळ, म्हणजे ‘किंग पिन’, बसविलेली असे. चाक त्या खिळीभोवती फिरे. अमेरिकेत १९५२ साली लिंकन व १९५४ साली फोर्ड मोटारींत किंग पिनच्या जागी बॉल जॉइंट आले. त्यामुळे जोडणी सोपी झाली. आपल्या देशात १९८८ साली आलेल्या टाटामोबाईल पिकअपला पुढे स्वतंत्र चाके दिलेली होती, आणि आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथील कारखान्यात २०१६ सालापासून तयार होऊ लागलेल्या इसुझु पिकअपलाही तशीच आहेत. उलट २००५ साली आलेल्या टाटा एस या लहान गाडीस पुढे एकसंध आस व पाटे आहेत. म्हणून आपल्या गाडीस बॉल जॉइंट आहेत की किंग पिन, हे मालकाने प्रथम विचारून घ्यावे. ज्यांच्या गाडीस किंग पिन आहेत त्यांनीही निर्धास्त राहू नये. किंग पिनचे बुशही झिजतात. शिवाय स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांना, म्हणजे टाय रॉड एंडला, गोळ्याचाच सांधा असतो.

झीज कशी होते

सांध्याचा पहिला शत्रू म्हणजे फाटलेला बूट. रबर उन्हाने व वयाने कडक होते, त्यास बारीक चीर पडते, आणि तेथून धूळ व पाणी आत जाते. आपल्याकडील बारीक ग्रॅनाइटी धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ती घासकागदाचे काम करते. पाण्याने ग्रीस धुऊन जाते व गोळ्यास गंज चढतो. १३ व १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादच्या कित्येक वस्त्यांतील गाड्या पाण्यात उभ्या होत्या, हे आपण विसरलेलो नाही. अशा पुरातून निघालेल्या गाडीचे इंजिन आणि गाद्या सर्व जण तपासतात. खाली वाकून बूट पाहणारा विरळा.

दुसरा शत्रू अतिभार. चाक खड्ड्यात आपटते तेव्हा सांध्यावर येणारा धक्का हा उभ्या गाडीच्या भाराहून कितीतरी मोठा असतो, आणि भार वाढविला की प्रत्येक धक्का वाढतो. जादा भरलेली नऊ पोती आमच्या हिशेबी भाड्याची बचत होती. सांध्याच्या हिशेबी ती प्रत्येक खड्ड्यावर बसणारे जादा घाव होते.

सांधा एकाएकी दगा देत नाही. तो पुष्कळ आधीपासून सांगू लागतो. गतिरोधकावर अथवा खड्ड्यात ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. सरळ रस्त्यावर गाडी एका अंगास ओढते, किंवा स्टिअरिंग सारखे सावरावे लागते. ब्रेक दाबताना गाडी किंचित बाजूला झुकते. टायरची आतली वा बाहेरची कड तेवढी लवकर झिजते. ह्यांतील एकेका लक्षणास दुसरीही कारणे असू शकतात. परंतु कोणतेही लक्षण दिसले तरी ते तपासलेच पाहिजे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही सर्व लक्षणे चालकाच्या हातांस व कानांस कळतात. गादीवर बसलेल्या मालकास त्यांतील एकही कळत नाही. सांधा बोलतो तो चालकाशी, आणि खर्चाची परवानगी असते मालकाकडे. ह्या दोहोंमधील अंतर जेवढे मोठे, तेवढा धोका मोठा.

तपासणी व बदल

मोडलेली गाडी ओढून वनस्थलीपुरमच्या पलीकडील ऑटोनगरात एका वृद्ध मेस्त्र्याकडे नेली. त्याने निसटलेला गोळा पुसून आमच्या तळहातावर ठेवला. एका अंगास तो आरशासारखा घासलेला, तर दुसऱ्या अंगास गंजाने तांबडा झाला होता. उखळीचे गोल तोंड झिजून लांबट झाले होते. मेस्त्री म्हणाला, “ये एक दिन में नई टूटा सेठ. ये बोल के टूटा.” त्या वाक्याने आम्हांस जेवढी लाज वाटली, तेवढी कोणाच्या दूषणाने वाटली नसती.

त्या दिवशी आम्ही तेथेच एका लाकडी पेटीवर बसून राहिलो आणि उजव्या बाजूच्या, अद्याप न मोडलेल्या सांध्याची तपासणी व बदल आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला. तो क्रम येथे देत आहोत. हे काम मालकाने स्वतः करावे असा हेतू नाही. काम नीट होत आहे की नाही, हे त्यास ओळखता यावे एवढाच हेतू आहे.

तपासणीत जॅक कोठे लावावा याला फार महत्त्व आहे. गाडीचा भार घेणारी स्प्रिंग खालच्या भुजेवर टेकत असेल, तर जॅक त्या भुजेखाली, सांध्याच्या जवळ लावावा लागतो. तसे केले म्हणजे सांध्यावरचा ताण उतरतो आणि त्यातील ढिलेपणा उघड होतो. जॅक भलत्या जागी लावला तर स्प्रिंगच्या दाबाने झिजलेला सांधाही घट्ट असल्यासारखा भासतो, आणि ‘काही नाही, ठीक आहे’ असा खोटा निर्वाळा मिळतो. स्प्रिंग वरच्या भुजेवर असल्यास रीत बदलते, म्हणून गाडीची माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक असते. चाक जमिनीपासून किंचित उचलल्यावर मेस्त्र्याने टायरखाली पहार घालून ते वर दाबले आणि सांध्याकडे पाहण्यास सांगितले. गोळा उखळीत उघड उघड हलत होता. नंतर त्याने चाक वर आणि खाली धरून हलविले. चाक डुलले. मग त्याने पोऱ्यास ब्रेक दाबून धरण्यास सांगितले. ब्रेक दाबल्यावर डुलणे थांबले असते, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगचा ठरला असता. ते थांबले नाही. अर्थात दोष सांध्याचाच होता. चाक डावी-उजवीकडे धरून हलविल्यास टाय रॉड एंडचा ढिलेपणा कळतो, तोही त्याने पाहिला.

बदलाच्या वेळी प्रथम मागच्या चाकांस ठोकळे लावण्यात आले. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल केले, मग गाडी उचलून चेसिसखाली लोखंडी स्टँड दिले. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाक काढल्यावर खालच्या भुजेखाली पुन्हा जॅक लावला. याचे कारण मेस्त्र्याने आवर्जून सांगितले. भुजेवर स्प्रिंगचा मोठा दाब कोंडलेला असतो. भुजेस आधार न देता सांधा सोडविला, तर ती भुजा बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटते आणि समोर असलेल्याचा जीव जाऊ शकतो.

त्यानंतर नटामधील स्प्लिट पिन काढली आणि नट सैल केला. परंतु पूर्ण न काढता दोन-चार आटे राखून ठेवला, म्हणजे दांडा सुटला तरी सर्व भाग एकदम खाली येत नाहीत. निमुळता दांडा छिद्रात इतका रुतलेला असतो की, तो हाताने निघत नाही. त्यासाठी पुलर लावला. दांड्याच्या टोकावर हातोडा मारला असता आटे चेपतात, म्हणून ती घाई त्याने केली नाही. पुलर ताणून नकलच्या बाजूस एक नेमका ठोका दिला तेव्हा ‘खट्’ आवाज होऊन दांडा मोकळा झाला. काही गाड्यांत सांधा भुजेस बोल्टने जोडलेला असतो, काहींत रिव्हेटने, तर काहींत दाबून बसविलेला असतो. रिव्हेट भोक पाडून काढावी लागते व तिच्या जागी सांध्याबरोबर आलेलेच बोल्ट घालावे लागतात. दाबून बसविलेल्या सांध्यास प्रेसची गरज असते. तो हातोड्याने ठोकून बसविणे म्हणजे नवा सांधा पहिल्याच दिवशी दुखावणे होय.

नवा सांधा लावण्यापूर्वी नकलचे छिद्र कोरड्या फडक्याने पुसून स्वच्छ केले. तेथे ग्रीस लावावयाचे नसते, कारण निमुळत्या दांड्याची पकड कोरड्या घर्षणानेच टिकते. छिद्र झिजून मोठे झाले असल्यास केवळ सांधा बदलून भागत नाही. नकलही बदलावा लागतो. नट पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने, माप दाखविणाऱ्या टॉर्क पान्याने आवळला. त्यावर नटाची खाच व दांड्याचे भोक जुळले नाही, तेव्हा मेस्त्र्याने नट थोडा अधिक आवळून ते जुळविले. ते जुळविण्यासाठी नट कधीही सैल करू नये. स्प्लिट पिन नवीन घातली. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणे ही चार आण्यांची काटकसर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. शेवटी ग्रीसचे निपल असलेल्या त्या सांध्यात बूट किंचित फुगेपर्यंत ग्रीस भरले. तो फुटेपर्यंत भरावयाचे नसते. पुष्कळ नवे सांधे बंद असतात, त्यांत ग्रीस भरण्याची सोयच नसते. त्यांच्या बाबतीत बूट शाबूत राहणे हाच एक उपाय.

काम संपल्यावर गाडी अलाइनमेंटसाठी धाडण्यात आली. सांधा बदलला म्हणजे चाकाचा कल बदलतो. तो जुळवून न घेतल्यास नवे टायर काही आठवड्यांतच खराब होतात. आणि पाऊणशे-शंभर किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा दाखवून नट व पिन पाहून घ्यावी, असे मेस्त्र्याने बजावले.

खरेदीतील मोह

सिकंदराबादच्या राणीगंजात सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तेथे एकाच सांध्याचे तीन-चार भाव ऐकू येतात. आपण व्यापारी असल्यामुळे सर्वांत खालच्या भावाकडे हात आपोआप जातो. परंतु आपल्या दुकानात येऊन कोणी ‘सर्वांत स्वस्त डाळ द्या’ म्हणाला, तर ती स्वस्त का आहे हे आपल्याइतके कोणास ठाऊक असते? पोलादाचेही तसेच आहे. आपल्या देशात १९६०च्या दशकापासून मद्रासच्या राने यांच्यासारखे कारखाने स्टिअरिंगचे सांधे बनवीत आले आहेत. चांगला माल दुर्मिळ नाही. खरेदी करताना डबीवरील शिक्का, गाडीचा नेमका नमुना व पक्के बिल पाहावे. बिलाशिवाय मिळणारी सूट ही सूट नव्हे. जुन्या सांध्याचे तोंड ठोकून आवळणे अथवा त्यास वेल्डिंगचा टाका मारणे, असे उपायही कोणी सुचवितात. ते केव्हाही मान्य करू नयेत. उष्णतेने पोलादाचा कस जातो, आतील अस्तर जळते, आणि बाहेरून घट्ट दिसणारा सांधा आतून पोकळ झालेला असतो.

आमचा हिशेब येथे उघड करण्यास संकोच वाटत नाही. दोन्ही बाजूंचे सांधे, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून जो खर्च दसऱ्यापूर्वी झाला असता, तो एका-दोन पोत्यांच्या किमतीत बसला असता. दिवाळीपूर्वी तो टाळल्यामुळे भुजा, नकल, ब्रेकची नळी, मडगार्ड, दोन टायर, गाडी ओढून आणण्याचे भाडे, फुटलेली पोती, बुडालेला हंगाम आणि चालकाचा औषधोपचार, असे सर्व मिळून त्याच्या कितीतरी पट द्यावे लागले. आणि मोडलेले मनगट कोणत्याही खात्यावर जमेस धरता येत नाही. ते सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. त्या दिवसांचे वेतन आम्ही दिले, हे सांगण्यात भूषण नाही. ते न देणे हा दुसरा अपराध झाला असता.

कायदा काय म्हणतो

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम प्रत्येक मालवाहू गाडीच्या मालकाने एकदा वाचून घ्यावे. जो दोष ठाऊक आहे, किंवा साधारण काळजी घेतली असता जो ठाऊक झाला असता, अशा धोकादायक दोषासह गाडी चालविणे त्या कलमाने अपराध ठरते. तो अपराध केवळ चालविणाऱ्याचा नव्हे. चालविण्यास लावणाऱ्याचा व चालवू देणाऱ्याचाही आहे. अशा दोषामुळे कोणास इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘आम्हांस माहीत नव्हते’ हे उत्तर तेथे पुरत नाही, कारण साधारण काळजी घेतली होती काय, असा प्रश्न उभा राहतो. आमच्या बाबतीत तर तेही म्हणता आले नसते. आम्हांस दोन वेळा सांगितले गेले होते.

योग्यता प्रमाणपत्रावर विसंबणारेही पुष्कळ आढळतात. मालवाहू गाडीस ते ठराविक मुदतीने घ्यावे लागते, आणि गाडी ८ वर्षांची झाल्यावर दरवर्षी. परंतु ते तपासणीच्या एका दिवसापुरते साक्ष देते. उरलेल्या दिवसांचा तपासनीस मालक स्वतःच असतो, आणि त्याचे डोळे म्हणजे त्याचा चालक.

गाडीची वही

त्या दिवाळीस वहीपूजनाच्या वेळी आम्ही रोकड व खतावणी यांच्याबरोबर एक तिसरी लहान वही ठेवली. ती गाडीची वही. ती किल्लीच्या खुंटीशेजारीच टांगलेली असते. चालकाने गाडीविषयी जे सांगितले ते त्याच्यासमक्ष, तारखेसह तिच्यात लिहिले जाते, आणि शेजारच्या रकान्यात आम्ही त्यावर काय केले ते लिहितो. तो रकाना तीन दिवसांहून अधिक कोरा राहिला, तर गाडी माल भरण्यास जात नाही. गाडीत किती पोती भरली हेही तेथे नोंदले जाते, आणि मर्यादेबाहेरची भरती नाकारण्याचा अधिकार चालकास दिलेला आहे. दर तीन महिन्यांनी, आणि पावसाळ्याच्या आरंभी व शेवटी, पुढचे बूट व सांधे पाहून घेतले जातात.

आरंभी आठवडाभर ती वही कोरीच होती. चालकास वाटले असावे की, हा सेठचा नवा छंद आहे, चार दिवसांत ओसरेल. एके दिवशी त्याने सहज सांगितले की, मागच्या दाराची कडी सैल आहे. आम्ही ते लिहिले आणि त्याच दिवशी कडी दुरुस्त करविली. दुसऱ्या दिवसापासून तो बोलू लागला. आता त्या वहीचे दुसरे पुस्तक चालू आहे.

आपल्या संघातील बंधूंस आमची एवढीच विनंती आहे. हा लेख वाचून झाल्यावर आपल्या पेढीवरील चालकास बोलावून घ्यावे, त्यास बसण्यास सांगावे, आणि गाडीचे पुढचे चाक कसे चालले आहे असे विचारावे. मग तो जे सांगेल ते लिहून घ्यावे, आणि गाडी त्याच आठवड्यात मेस्त्र्याकडे पाठवावी.